माहिती नेली, निष्कर्ष कुठे आहेत?

महोदय,

जैतापूर खाडीकाठच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी सोळा वर्षं काढली. संशोधकांच्या किती प्रश्नावल्या भरल्या, मोजदाद नाही. कार्यालयाचं पत्र, माझा सही-शिक्का, मुलांबरोबर फोटो, चहा, की निघाले एसटी गाठायला. एकात तर प्रयोगशाळा सहायकाची पात्रता विचारली होती; आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट! निष्कर्ष मात्र कुणी कळवले नाहीत. मुलं आठवडाभर विचारायची, "बाई, ते सर परत कधी येणार?"

अपवाद एकच. गळतीवर अभ्यास करणारी एक मुलगी आधी पालकसभेला येऊन बसली. प्रश्नावली काढलीच नाही. म्हणाली, तुम्हाला काय शोधायचंय ते सांगा. पलीकडच्या वाडीतली मुलं महिन्यातले ठरावीक दिवस दांडी मारतात, हे आमचं कोडं. मी बेधडक प्रगतिपत्रकावर 'अनियमित' लिहीत आले होते. तिने हजेरीपटाशेजारी कालनिर्णय ठेवलं. सभेतले एक आजोबा, जन्म होडीत गेलेला, हसले. तिथीला पाऊण पट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्दशीला साडेदहा. शाळा भरते तेव्हाच खाडी भरते, पायवाट पाण्याखाली! त्यात उधाणाचे दिवस, पाणी चढतंही जास्त.

तोडगा साधा निघाला. त्या दोन-तीन दिवशी मुलं आठलाच वाट ओलांडतात, एक पालक शाळा उघडून वाचनपेटी काढून देतो. पाच वाजता परतताना ओहोटी असतेच. 'अनियमित' हा शेरा मी त्यानंतर लिहिला नाही. आधीचे मात्र तसेच राहिले, त्याची बोच आहे.

शिक्षणहक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक असतात. मग संशोधनाची परवानगी देताना त्यांना कुणी का विचारत नाही? विद्यापीठांनी आणि शिक्षण विभागाने निदान एवढी अट घालावी: आधी समितीची संमती, आणि काम झाल्यावर पालकसभेत येऊन मराठीत निष्कर्ष सांगणं.

ती मुलगी आली होती सांगायला. आजोबांनी भर सभेत तिला अडवलं: पावसाळ्यात वरून पूर उतरला की हे गणित चालत नाही. प्रबंधात ती दुरुस्ती आहे. प्रत शाळेच्या कपाटात ठेवलीय.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. राजापूर, जि. रत्नागिरी