आयनांबर कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला भूचुंबकीय स्पंदनांवरचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या संथ, नियमित चढउतारांवरचा लेख वाचला. असा विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार. पण ‘अवकाशातून आलेली लहर जमिनीवरचा चुंबकमापक जशीच्या तशी टिपतो’ हे वाक्य वाचून गप्प बसवेना. अर्ध्या पानाच्या लेखात आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतवाहक थर, हा शब्द एकदाही नाही!

याच समजुतीपायी माझा दीड महिना वाया गेला आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी उत्तर स्कँडिनेव्हियातल्या एका केंद्राच्या नोंदी मायक्रोफिल्मवरून हाताने उतरवत होतो. पाच-पाच मिनिटांच्या आवर्तनकालाची ठसठशीत स्पंदने. सिद्धांताप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या बलरेषा पूर्व-पश्चिम डोलायला हव्या होत्या. माझ्या आलेखात सगळी हालचाल उत्तर-दक्षिण. मार्गदर्शक म्हणाले, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम या दोन घटकांची अदलाबदल केलीस, पुन्हा उतरव. उतरवले. तेच आले. मग पुन्हा.

चूक कुणाचीच नव्हती. लहर आयनांबरात, म्हणजे साधारण ११० किलोमीटरवर पोचली की तिथे विद्युतप्रवाह वाहू लागतात. त्यातल्या एका प्रवाहाचा परिणाम वरून बलरेषेने येणाऱ्या प्रवाहामुळे खाली पुसला जातो. उरतो तो त्याला काटकोनात वाहणारा हॉल प्रवाह. आपला चुंबकमापक टिपतो ते त्याचे क्षेत्र, म्हणून दिशा ९० अंशांनी फिरलेली दिसते. ह्यूज या शास्त्रज्ञांनी हे १९७४ साली मांडले आणि १९७६ मध्ये साउथवुड यांच्यासह पुढे नेले. मला ते कळले तेव्हा प्रकल्प देऊन झाला होता.

दिशेचे सोडा, लहरीचा जोरही तोच राहत नाही. आडवी तरंगलांबी २,००० किलोमीटर असेल तर जमिनीवर सुमारे ७० टक्के जोर पोचतो. २०० किलोमीटर असेल तर जेमतेम ३ टक्के. उपग्रहाला स्पष्ट दिसलेली बारीक लहर खाली सापडत नाही ती यामुळे. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीवर तर दिवसा आयनांबरात विषुववृत्तीय विद्युतप्रवाहाचा पट्टाच असतो. तेव्हा एकच स्पंदन तिथे आणि अलिबागला सारखे कसे दिसेल?

अलिबागवरून आठवले. लेखात परदेशी केंद्रांची नावे आहेत, पण विजेच्या ट्रामचा उपद्रव टाळण्यासाठी मुंबईतल्या कुलाब्याहून अलिबागला नेलेल्या, १९०४ पासून नोंदी घेणाऱ्या चुंबकीय वेधशाळेचा उल्लेख नाही. रायगडचा वाचक म्हणून हे फार लागले. शिवाय छापलेल्या आलेखाला वेळेचा अक्षच नाही. एखाद्या विद्यार्थ्याने त्यावरून आवर्तनकाल काढायचा तरी कसा?

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी आणि तोच आलेख अक्षांसह पुन्हा द्यावा, ही विनंती.

एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, पेण