डोळे आधी दाखव, मग पुढचं बोलू

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा ‘बाबा, आता पुरे’ म्हणून तू फोन ठेवलास, म्हणून हे पत्र. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही आणि मला आवाज चढवता येत नाही, म्हणजे दोघांचीही सोय. डोळ्यांबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. आई समोर शेंगा सोलते आहे आणि मी काय लिहितोय याकडे तिचं बारीक लक्ष आहे.

तू म्हणालीस, बाहुल्या केसभर केसभर हलवून तुम्ही जो सिनेमा करता त्याच्या पहिल्या भागाला चांगली दोन वर्षं मिळाली, आता दुसरा भाग निम्म्याहून कमी पैशात आणि वर्षाच्या आत हवा. प्राण्यांचे सांगाडे जुनेच, फक्त वरचं कातडं नवं. ‘नामावलीत माझं नाव नको असं सांगून टाकावंसं वाटतं,’ असंही म्हणालीस. तेव्हापासून माझ्या डोक्यात तो बिचारा ‘सन ऑफ काँग’ घोळतो आहे, त्या राक्षसी वानराच्या ‘किंग काँग’चा दुसरा भाग. तुझ्या व्यवसायातली गोष्ट मी तुला काय सांगणार! तरी सांगतो. आपल्या घरात माहीत असलेल्या गोष्टीच जास्त सांगितल्या जातात.

‘किंग काँग’ २ मार्च १९३३ ला न्यूयॉर्कमध्ये लागला. अमेरिकेत बँका धडाधड बंद पडत होत्या, आणि लोक तिकिटांसाठी रांगा लावत होते. चार दिवसांत जवळजवळ नव्वद हजार डॉलर जमले. तो काढणारी आरकेओ कंपनी तेव्हा दिवाळखोरीत, जानेवारीपासून कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या हातात. अशा घरात गाय दूध देतेय म्हटल्यावर दुसऱ्या वेळेला कोण थांबणार? दुसरा भाग लगेच हवा, त्याच वर्षी नाताळात थिएटरात हवा. पहिल्याला सुमारे ६,७२,००० डॉलर लागले होते. दुसऱ्याच्या वाट्याला आले साधारण २,६९,०००. तुझं ‘निम्म्याहून कमी’ ऐकून मी दचकलो तो या आकड्यांमुळे. बघ्यांची गर्दी नको म्हणून चित्रीकरण ‘जॅम्बोरी’ या खोट्या नावाने चाललं. आणि २२ डिसेंबर १९३३ ला सिनेमा खरोखरच लागला.

धाकट्या काँगच्या आत पोलादाचा जो सांगाडा होता तो थोरल्याचाच. मार्सेल डेलगाडोने थोरल्यासाठी तो घडवला होता. आता रबर, कापूस, सशाची कातडी सगळं उतरवून त्यावर पांढरं पोर चढवलं. म्हणजे ‘जुने सांगाडे, नवं कातडं’ हे दुखणं तुमच्या स्टुडिओने शोधून काढलेलं नाही.

मी गेल्या आठवड्यात तो पुन्हा पाहिला. जेमतेम सत्तर मिनिटांचा सिनेमा, आणि ज्याच्या नावावर तिकिटं विकली ते पोर अर्ध्याहून जास्त सिनेमा सरल्यावर येतं. तोवर बहुतेक बोलाचालीच. पण एक प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. पोराच्या बोटाला जखम झाली आहे. डेनहॅम, ज्याने त्याच्या बापाला साखळदंड घालून न्यूयॉर्कला आणलं तोच, आता चिंधी फाडून त्या बोटाला पट्टी बांधतोय. आणि ते पोर आधी बोटाकडे बघतं, मग याच्या तोंडाकडे. रबराचा चेहरा, पण शाळेत गुडघा फोडून आलेलं मूल आयोडिनच्या बाटलीकडे बघतं ना, डिट्टो तसं. कुणीतरी ते डोळे, त्या भुवया केसभर केसभर हलवल्या असणार, एका सेकंदाला चोवीस चित्रं. पैसे कमी होते, वेळ नव्हता, तरी एवढं कुणीतरी केलंच.

पटकथा रूथ रोझची, दिग्दर्शक शूडसॅकच्या बायकोची. मोठा करता येत नसेल तर निदान गमतीचा करू, असा तिचा हिशेब होता. मला तो शहाणपणाचा वाटतो. आहे त्या पैशात थोरल्या काँगशी बरोबरी करायला गेली असती तर हसंच झालं असतं. डेनहॅमचं काम करणाऱ्या रॉबर्ट आर्मस्ट्राँगला म्हणे हा दुसराच भाग जास्त आवडायचा, कारण त्यात त्याच्या पात्राला मन होतं. सुरुवातीलाच तो कोर्टाच्या नोटिसा चुकवत एका खोलीत लपून बसलेला असतो, काँगचं जे झालं ते त्याला खातंय. राक्षसांच्या सिनेमात माणसाला पश्चात्ताप होतो, ही लहान गोष्ट नाही. तेव्हा नाव काढून घ्यायचा विचार सोड. जे काम तुझ्या हातून झालं त्याखाली तुझं नाव हवं. तुला काय वाटतं, पहिल्या भागाच्या शेवटी नावं वर सरकत होती तेव्हा मी आणि आई खुर्चीत बसून होतो? थिएटरात दिवे लागले, झाडूवाला आला, तरी आम्ही पडद्यासमोर उभे, आणि तुझं नाव आलं तर आई त्या झाडूवाल्यालाच म्हणाली, ‘ही आमची.’

झालं, भाषण सुरू झालं. माफ कर. वर्गावर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस खाली बसला तरी शिकवतच राहतो.

तुला माडीवरचा तो बैल आठवतो? मामाचा व्हिडिओ कॅमेरा, प्लॅस्टिसिनचा बैल आणि साठचा बल्ब. सकाळपासून तू त्याला अर्ध्या अर्ध्या बोटाने पुढे सरकवत होतीस, कुणाला जिन्यावर पाऊल टाकू देत नव्हतीस. मग लोडशेडिंग झालं. वीज परत आली तोवर ऊन खिडकीतून सरकलेलं, आणि चित्रात बैलाची सावली डाव्या बाजूची उडी मारून उजवीकडे गेली. तू इतकी रडलीस की नानी जिन्याचा कठडा चाचपत वर आल्या. त्यांना तेव्हा समोरचं तेवढं दिसायचं, कडेचं काहीच नाही. त्यांनी बैल हातात घेतला, पाठीवरून शिंगांपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘वशिंड छान जमलंय गं.’

बघ, आलोच शेवटी तिथे. आई म्हणते, कळलंच होतं.

शूडसॅकचं तुला ठाऊक असेलच. दुसऱ्या महायुद्धात छायाचित्रणाची उपकरणं तपासताना त्याचे डोळे कायमचे अधू झाले. तरी १९४९ साली ‘मायटी जो यंग’चं दिग्दर्शन त्याने केलं. पटकथा पुन्हा रूथ रोझची, प्राणी पुन्हा थोरला काँग ज्याने हलवला त्या विलिस ओब्रायनचे, हाताखाली कोवळा रे हॅरीहाउझेन, आणि त्या कामाला ऑस्कर मिळालं. लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला मात्र सेटवर धूसर बघत उभा असलेला माणूस दिसतो. आपल्या फाळक्यांचंही तेच. सिनेमे बघून बघून डोळे जायची वेळ आली होती, उपचारांनी वाचले. आणि मग त्याच माणसाने कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोपटं होईपर्यंत थोडं थोडं चित्रित केलं, भांडवल देणाऱ्यांना दाखवायला. तुझ्याच जातीचं काम. डोळे वाचले म्हणून ते झालं.

ओब्रायनबद्दल लिहू की नको, असं चाललंय. ‘सन ऑफ काँग’ त्याला मनापासून नको होता. घाई पटली नव्हती, गोष्ट पटली नव्हती, हलवण्याचं बरंचसं काम त्याने दुसऱ्यांवर सोडलं. आणि सिनेमा अर्धवट असताना, ऑक्टोबर १९३३ मध्ये, त्याच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, क्षयाने आणि कॅन्सरने खंगलेल्या बायकोने त्यांच्या दोन्ही मुलांना गोळ्या घातल्या. थोरल्याची दृष्टी क्षयानेच गेली होती. अडीच महिन्यांनी सिनेमा ठरल्या दिवशी लागला. पुढे त्या सिनेमाबद्दल बोलायला ओब्रायन तयार नसे. त्या आंधळ्या पोराने बापाच्या कारखान्यातला एखादा डायनासोर कधी हातात घेतला असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. सिनेमाच्या शेवटी बेट बुडतं, धाकट्या काँगचा पाय भेगेत अडकलेला, आणि तो डेनहॅमला एका मुठीत धरून पाण्याच्या वर ठेवतो. हे बघताना मला दुसरं काही सुचलंच नाही.

हे असलं तुला लिहायला नको होतं. आई वाचेल तर फाडून टाकेल. तुझ्या कामाची मला भीती वाटते असं समजू नकोस. तू तिथे काळा पडदा लावून, दिव्यांच्या उकाड्यात, एकटी, दिवसाला मोजून दोन-तीन सेकंदांचा सिनेमा करतेस हे मी चारचौघांत मिरवतो. देशपांडेकाका तर मला बघून रस्ता बदलतात.

पण ‘शूटिंग संपलं की दाखवते’ हे मला मान्य नाही. दिव्याभोवती कडं दिसतं असं तू गणपतीत बोलता बोलता म्हणून गेलीस आणि मग ‘थकवा असेल’ म्हणालीस. असेल थकवा. थकवाच असू दे. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर खाऊन मग मधे येतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. नानींचं उशिरा कळलं. माझं वेळेत कळलं म्हणून मी रात्री दोन थेंब टाकतो आणि तुला एवढं लांबलचक पत्र लिहू शकतो. तुमच्या निर्मात्याला दोन तास सुट्टी मागितली तर दुसरा भाग बुडणार नाही. हे रागावून लिहीत नाही. थोडं रागावून लिहितोय.

डॉक्टरकडे गेलीस की आपणहून सांग, घरात आजीला आणि वडिलांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब मोजायला आणि नजरेचा परीघ तपासायला सांग, नुसता चष्म्याचा नंबर काढून घेऊ नकोस. माझे रिपोर्ट शेजारच्या ओंकारकडून स्कॅन करून उद्या पाठवतो, नानींची फाइल पोटमाळ्यावर आहे, तीही शोधतो. तारीख ठरली की मला नको, आईला कळव.

तुझा,
बाबा