होडीच्या तळातील दोष शोधणाऱ्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की आपण आमच्यासाठी जे केले ते हर्णैपासून मालवणपर्यंत फायबरच्या होडीवर पोट असणाऱ्या प्रत्येकाला कळावे, असे मला मनापासून वाटते.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होडी किनाऱ्यावर ओढली, तेव्हा बाबांना तळाला जागोजाग फोड दिसले आणि त्यांतून आंबूस वासाचे पाणी निघाले. होडी बांधणाऱ्याने आमच्या खाडीच्या पाण्याला दोष दिला. ज्यांच्याकडे आम्ही तळाचा तुकडा तपासणीला दिला, त्यांनी ‘नमुना समाधानकारक’ अशी एक ओळ लिहून तो परत केला. कर्ज काढून होडी घेतलेल्या माणसाला समोर बसवून चार शब्द समजावून सांगावेत, असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटले नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपण तोच तुकडा घेतलात. इन्फ्रारेड वर्णपटात ९१२ या तरंगसंख्येजवळ स्टायरिनच्या, म्हणजे काचेचे तंतू धरून ठेवणाऱ्या रेझिनमधील एका द्रव घटकाच्या, दुहेरी बंधाचे शिखर ठळक उभे होते. रेझिन नीट पक्के झाले असते तर ते जवळजवळ नाहीसे व्हायला हवे होते. म्हणजे रेझिन अर्धेकच्चे राहिले होते. जेलकोटमधून, म्हणजे तळाच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, झिरपलेले पाणी आत उरलेली द्रव्ये विरघळवत, रेझिनमधील एस्टरचे बंध तोडत गेले आणि दाब वाढून फोड आले. क्ष-किरण विवर्तनाने दुसरी गोष्ट उघड केली. काचेच्या तंतूंत अणूंची नियमित मांडणी नसते, त्यामुळे त्यांचा आलेख पसरट उंचवट्यासारखा येतो. आमच्या तुकड्याच्या आलेखात मात्र २९.४ अंशांवर एक टोकदार शिखर होते. ते कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीच्या भुकटीचे. भुकटी मिसळणे हा मुळात दोष नव्हे, ती किती आहे हे वेगळ्या चाचणीनेच ठरते, हेही आपण तितक्याच स्पष्टपणे सांगितलेत. आमच्या बाजूचे तेवढेच सांगून मोकळे होणे सोपे होते. आपण तसे केले नाहीत, म्हणूनच आपल्या प्रत्येक शब्दावर आमचा विश्वास बसला. होडीच्या बिलात मात्र भुकटीचा उल्लेख नव्हता.

हे सगळे अहवालात आहेच. अहवालात नसलेली एक गोष्ट मला इथे लिहायची आहे. “ही टोकदार रेघ चुन्याची, हे कशावरून?” असे बाबांनी विचारले, तेव्हा आपल्या खोलीतील दोन विद्यार्थी एकमेकांकडे पाहून हसले. आपण हसला नाहीत. “काका, येताना कालवाची शिंपली घेऊन या,” एवढेच म्हणालात. बाबांनी आणलेली शिंपली आपण स्वतः खलात कुटलीत, तिची पूड त्याच यंत्रात ठेवलीत आणि दोन्ही आलेख एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात बाबांच्या हाती दिलेत. शिखर जिथल्या तिथे होते. मग कोणी न सांगता आपण तिसऱ्यांच्या शिंपल्याचीही पूड लावलीत. रसायन तेच, कॅल्शियम कार्बोनेट. पण मांडणी अॅरागोनाइटची, म्हणून मुख्य शिखरे २६ आणि २७ अंशांच्या किंचित पुढे. जन्मभर ज्या शिंपल्यांवर पाय ठेवून बाबा चालले, त्यांच्या आतली रचना त्यांनी त्या दिवशी बोटाने रेघेवरून वाचली, आणि होडीतली भुकटी कालवाच्या जातीची आहे, तिसऱ्यांच्या नव्हे, हे त्यांनीच मला समजावून सांगितले.

यंत्रे मोठ्या संस्थांत असतात, ती चालवणारी हुशार माणसेही असतात. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर तपासून पाहण्याचा हक्क आहे असे मानणारी माणसे मात्र मला फार थोडी भेटली. हा सज्जनपणा नुसत्या गोड बोलण्यातला नव्हता. त्यासाठी आपण आपला वेळ आणि यंत्र दोन्ही खर्ची घातलेत.

होडी बांधणाऱ्याने आता तळाचे खराब थर काढून ते नव्याने घालून देण्याचे लेखी मान्य केले आहे. त्याच्याशी बोलताना दोन्ही आलेख पुढे ठेवून बाबाच बोलले, मला तोंड उघडावे लागले नाही. बंदरावरील आणखी काही होडीमालक आपापल्या होड्यांच्या तळांचे तुकडे घेऊन आपल्याकडे येऊ इच्छितात. आपली परवानगी असेल तर मी त्यांना पाठवीन, आणि आपल्याला सोयीचा वार कळवावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
हर्णै बंदरातील एका होडीमालकाची मुलगी