देठ निघालेली फळं वेगळी बांधणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमची दहा किलोंची पेटी वरूडकडून सोलापुरात नीट पोचली. पत्र मात्र पेटीतल्या सगळ्या संत्र्यांसाठी नाही, सगळ्यात वर ठेवलेल्या जाळीच्या छोट्या पिशवीसाठी आहे. पिशवीत नऊ फळं आणि वहीच्या फाडलेल्या पानावर तुमचं अक्षर: "यांचे देठ निघाले आहेत. आधी ही खा. वजनात धरली नाहीत." त्याखाली तोडणीची तारीख, आणि शेवटी, "आंबिया आहे. साल हिरवट दिसेल, आतून तयार आहे."

(आंबिया म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी तोडणीला येणारा संत्र्याचा बहार.) बस, एवढंच. पण हे वाचून मन भरून आलं, आणि का भरून आलं ते चारचौघांत सांगावंसं वाटतं, कारण बागेतून थेट संत्री मागवणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्या नऊ फळांचा अर्थ कळणार नाही.

संत्र्याच्या डोक्यावर देठाची हिरवी चकती असते. ती जागेवर असेल तर फळाचं दार बंद असतं. फळ ओढून तोडलं की चकती निघते, कधी तिच्यासोबत सालीचा टवकाही निघतो, आणि तिथून बुरशी आत शिरते. हिरवी बुरशी अखंड सालीतून सहसा शिरत नाही, तिला जखम लागते. आधी पाणी सुटल्यासारखा मऊ डाग पडतो, मग पांढरी लव येते, मग हिरवट पूड, आणि पेटी हलली की ती पूड सगळ्या फळांवर बसते. निळी बुरशी तर त्याहून चिवट, चिकटून असलेल्या शेजारच्या फळातही घुसते. म्हणजे नऊ बिनदेठाची फळं पेटीत मधेमधे पेरली गेली असती तर पाचव्या-सहाव्या दिवशी नऊ ठिकाणांहून पेटी सडायला लागली असती. तुम्ही ती बाजूला काढलीत, वर ठेवलीत, आधी खा म्हणून सांगितलंत. देठ निघालं म्हणून फळाची चव कमी होत नाही, फक्त त्याचे दिवस कमी होतात. ती नऊही फळं गोड निघाली. पुढच्या वेळी ती वजनात धरा, भाऊ. ती फुकट द्यायची फळं नाहीत.

बाकीच्या फळांवरूनही तुमच्या बागेतली शिस्त कळत होती. देठ कात्रीने कापलेलं, आणि तेही दोनदा: एकदा फांदीपासून लांब, मग दुसरा काप चकतीला लागून सपाट. एकाच कापात घाई केली की एकतर साल कापली जाते, नाहीतर देठाचा अर्धा इंच खुंट राहतो आणि रस्त्यात तो खुंट शेजारच्या फळात खिळ्यासारखा घुसतो. एकाही फळावर तेलकट तपकिरी चट्टे नव्हते. पहाटेच्या दवात साल पाणी पिऊन ताठ झालेली असते, तेव्हा फळ दाबून धरलं तरी सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि तेच तेल साल भाजतं. तोडताना काही दिसत नाही, चट्टे दोन दिवसांनी उठतात, तोवर माल गिऱ्हाइकाच्या दारात असतो. म्हणजे तुम्ही दव वाळेपर्यंत, ऊन अंगावर येईपर्यंत थांबलात. मजूर सकाळपासून बसून, गाडीची वेळ ठरलेली, आणि तरी थांबलात. हे थांबणं कुठल्याही बिलात दिसत नाही.

याआधी दुसऱ्यांकडून आलेल्या पेट्यांबद्दलही लिहायलाच हवं. नाव घेत नाही. वरच्या थरात टपोरी, तुकतुकीत फळं आणि खालच्या तीन थरांत लिंबाएवढा गोळा. दुसऱ्या एकाने तर "अस्सल नागपुरी" म्हणून चक्क किन्नू पाठवला. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ते नाव स्टिकरवर छापून कशावरही चिकटवायला काही जणांना मोकळीकच मिळाल्यासारखं झालंय. किन्नू वाईट फळ नाही, पण ते वेगळं फळ आहे: दोन्ही टोकांना चपटं, साल घट्ट बसलेली, मेणाची चकाकी, आणि फोडीफोडीला बिया. नागपुरी संत्र्याची साल सैल, अंगठा लावला की सुटते, मधला गाभा पोकळ, आंबियाच्या फळाला देठाकडे पुष्कळदा थोडी मान असते. हे ज्याला माहीत आहे त्याला फसवता येत नाही, म्हणून फसवणारे माहीत नसलेल्याला गाठतात. आणि तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "माल इथून चांगलाच निघाला होता, पार्सलवाल्याला विचारा." पार्सलवाल्याने फळं ओढून तोडली नव्हती. पार्सलवाल्याने ओला माल पेटीत भरला नव्हता.

रंगाबद्दल तुम्ही आधीच लिहून ठेवलंत, हेही लाखमोलाचं. सोलापुरात गिऱ्हाइकाला केशरीच संत्रं लागतं. पण आंबियाचं फळ रसाने भरतं तेव्हा रात्री अजून पुरेशा गार झालेल्या नसतात, आणि सालीतला हिरवा रंग उतरायला गारठा लागतो. त्यामुळे नोव्हेंबरात हिरवट पिवळं फळ आतून पूर्ण गोड असू शकतं. उलट झाडावरून कच्चं काढलेलं संत्रं घरात ठेवून कधीच गोड होत नाही. आंबा, केळी, चिकू तोडल्यावर पिकतात, संत्रं पिकत नाही. तोडताना जेवढी साखर असेल तेवढीच. पुढे आंबटपणा जरा उतरतो एवढंच. म्हणून अधीर विक्रेता कच्चा माल काढतो, वायू देऊन साल पिवळी करतो आणि रंग विकतो. इथिलीन वायू देण्याची रीतसर खोली असते, त्यात रंग आणणं गैर नाही. पण कार्बाइड वापरणं हा गुन्हा आहे, आणि कुठल्याही वायूने आतलं कच्चं फळ तयार होत नाही. ओळखायची एक खूण सांगतो, वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडेल: वायू दिलेल्या फळाची देठाची चकती लवकर तपकिरी पडते आणि बोट लावलं की गळते, मग देठाकडूनच कूज सुरू होते. तुमच्या फळांच्या चकत्या तिसऱ्या दिवशीही हिरव्या आणि घट्ट होत्या.

पेटीबद्दल थोडं. पाच थरी पुठ्ठा, बाजूंना भोकं, आत कोरडी कागदी कात्रण, फळं घट्ट पण दाबलेली नाहीत. सैल सालीच्या फळाला वजन सोसत नाही. ट्रकमध्ये खुला माल भरतात तेव्हा तळाच्या फळांच्या फोडी आतल्या आत फुटतात, वरून काही दिसत नाही, आणि दोन दिवसांत ते फळ आंबूस लागतं. उलट पेटीत जागा राहिली तर प्रत्येक खड्ड्याला फळ फळावर आपटतं. तोडलेला माल तुम्ही रात्रभर सावलीत पसरून ठेवला असणार, कारण पेटीच्या आतल्या बाजूला घामाचा एक थेंब नव्हता. दुपारच्या उन्हाने तापलेली फळं तशीच पेटीत कोंबली की ती घाम सोडतात, पुठ्ठा ओला होतो, ओला पुठ्ठा बसतो, आणि खालची पेटी वरच्या पेटीचा भार घेऊन चेपते. सहाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे, आणि काटा लावला तर वजन दहा किलोंच्या खाली नव्हतं. दोन-तीन दिवसांत एवढ्या मालात दोनशे-तीनशे ग्रॅम वजन सुकण्यात जातंच. म्हणजे ती तूटही तुम्ही आधीच भरून पाठवली होती, आणि त्याबद्दल चिठ्ठीत अवाक्षर नाही.

आमच्या जिल्ह्याला या गोष्टी कळतात, भाऊ. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडचा डाळिंबवाला तेल्या रोगाशी झुंजून पिकवलेलं फळ पेटीत कसं बसवतो ते आम्ही पाहत आलोय. 28 डिसेंबर 2020 ला शेतमाल वाहून नेणारी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, थेट बंगालातल्या शालिमारला. आपला माल हजारो किलोमीटर लांबच्या अनोळखी माणसाच्या ताटात कसा उतरेल, याची काळजी इथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणूनच अमरावती जिल्ह्यातल्या वरूडकडच्या एका बागायतदाराने सोलापूरच्या अनोळखी घरासाठी तीच काळजी केली, तेव्हा ती लगेच ओळखू आली.

तुम्हीही सुखात नाही, हे माहीत आहे. फळगळ, डिंक्या-कोळशीसारखे झाडाचे रोग, रात्री येऊन फळाला सोंड लावणारे पतंग, आणि शेवटी बाग सौद्याने मागायला आलेला व्यापारी जो फळ लहान असतानाच भाव ठरवतो आणि तोडणीच्या वेळी काही फळं नापसंत म्हणून छाट काढून पुन्हा भाव पाडतो. ज्याला बाजारात रोज असं वागवलं जातं, त्याने तसंच वागायला सुरुवात केली तर त्याला कोण दोष देईल? तुम्ही तसं वागला नाहीत. आपल्या मालातलं उणं गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी स्वतः सांगितलंत. लक्ष्मी मंडईत अजूनही अशा मावश्या आहेत ज्या "हे आज नका नेऊ, उद्यापर्यंत टिकायचं नाही" म्हणून हातातली जुडी परत घेतात. दोन रुपये बुडतात, पण गिऱ्हाईक जन्मभर त्याच पाटीशी थांबतं. सहाशे किलोमीटरवरून, चेहरा न दिसता, तोच स्वभाव तुम्ही पेटीत घालून पाठवलात. असली माणसं आहेत म्हणून न बघता पैसे पाठवायची हिंमत होते.

पेटी आल्यावर काय करायचं हे तुम्ही सांगितलं नव्हतं, पण ज्यांच्या घरी तुमच्या पेट्या जातील त्यांच्यासाठी इथेच लिहितो. पेटी बंद ठेवू नका. सगळी फळं बाहेर काढून एकेक बघा, मऊ किंवा ओलसर असेल ते लगेच वेगळं करा. धुऊ नका, खायच्या वेळी धुवा. टोपलीत दोनच थर ठेवा, पंखा थेट अंगावर नको. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे आठवड्यात साल सुरकुतते आणि लोकांना वाटतं फळ गेलं. सोलून बघा, आत रस तसाच असतो. जास्त दिवस ठेवायची असतील तर भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बंद पिशवीत घाम धरतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. फ्रीजरच्या लगत तर अजिबात नको. फार थंडीने सालीला खड्डे पडतात आणि चव उतरते.

आणि आता कामाचं. दुसऱ्या तुकड्यावर मृग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा बहार, धरला असेल तर तोडणीच्या आठवडाभर आधी कळवा. तो माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल, तेव्हा सोलापूरचं ऊन चाळिशीकडे निघालेलं असतं, म्हणून दहाऐवजी पाच किलोंच्या पेट्या करा आणि रात्रीच्या गाडीनेच टाका, पण डिकीत इंजिनाच्या बाजूला नको म्हणून ड्रायव्हरला बजावा. पेटीचा आणि गाडीभाड्याचा जो वाढीव खर्च येईल तो भावात धरा, संकोच करू नका. इथल्या चार घरांनी आत्ताच नावं दिली आहेत, पैसे तोडणीआधी पोचतील.

वहिनींना आणि पेट्या भरणाऱ्या सगळ्यांना नमस्कार सांगा.

आपला,
सोलापूरचा एक गिऱ्हाईक