कोजागिरीच्या गाण्याबद्दल आईला

ग्वादालाहारा, मेक्सिको
सप्टेंबरअखेर

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. ती. बाबांनाही सांग.

छोटीचा फोन येऊन गेला. कोजागिरीला आपल्या गच्चीवरच्या कार्यक्रमात ती तुझं ते जुनं भावगीत गिटारवर म्हणणार होती, आणि "त्या गाण्याला हात लावायचा नाही" म्हणून तू पेटी बंद करून उठलीस, इथपर्यंत कळलं. फोनवर हा विषय आपल्याला धड बोलता येणार नाही. तुझी सकाळ साडेनऊची म्हणजे इथे आदल्या रात्रीचे दहा, आणि नेमक्या त्याच वेळी तुझ्याकडे शिकायला मुली आलेल्या असतात. म्हणून सविस्तर लिहितोय. मी छोटीची बाजू घेणार आहे, पण तुझं जे बरोबर आहे तेही सोडणार नाही.

इथे आल्यापासून मी एका गाण्याच्या मागे लागलोय. 'बेसामे मूचो' त्याचं नाव, म्हणजे 'मला खूप चुंबनं दे'. तुझ्या कानावरून ते नक्की गेलेलं असणार. हॉटेलात, विमानतळावर, कुणाच्या माउथ ऑर्गनवर, कुठे ना कुठे. प्रेमगीत आहे. आजची रात्र जणू शेवटचीच आहे असं समजून मला जवळ घे, पुढे तू दुरावशील याची भीती वाटते, एवढाच त्याचा आशय. चाल मायनरमधली, म्हणजे कोमल गंधाराची. मला ऐकताना किरवाणी आठवते, आणि तुझं गाणंही किरवाणीतलंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच ते आपलं वाटलं, ते बहुधा त्यामुळेच.

ज्या बाईंनी हे गाणं केलं त्या याच हालिस्को राज्यातल्या. कोन्सुएलो वेलास्केस. जन्म 1916 चा, इथून दक्षिणेला असलेल्या सिउदाद गुसमान गावचा. वडील लवकर गेले. पियानोचं शिक्षण लहानपणीच इथे ग्वादालाहारात सुरू झालं, आणि पुढे मेक्सिको सिटीत मैफिली करणाऱ्या पियानोवादक म्हणून त्यांचं नाव झालं. शास्त्रीय वाजवणारी बाई, लिहून बसली एक बोलेरो! हे गाणं सुचलं तेव्हा आपलं कुणी चुंबनही घेतलेलं नव्हतं, सगळं कल्पनेतलं होतं, असं त्या स्वतःच पुढे सांगत. बोलेरो हा प्रकार मूळचा क्यूबाचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सान्तियागोच्या बाजूला रुजलेला. तिथून तो मेक्सिकोत आला आणि रेडिओने घराघरात नेला. आपल्याकडे भावगीत आकाशवाणीवरून घरात शिरलं, तसंच. संथ लय, एक-दोन गिटारी, आणि शब्द कानात बोलल्यासारखे.

आता मुद्द्याचं. या गाण्याची चालसुद्धा कोऱ्या पाटीवरची नाही. एन्रिके ग्रानादोस नावाच्या स्पॅनिश संगीतकाराच्या 'गोयेस्कास' या ऑपेरात एक तरुणी रात्री नाइटिंगेलशी बोलते, त्या गाण्याची प्रेरणा यामागे आहे. त्या ऑपेराचा पहिला प्रयोग न्यूयॉर्कला जानेवारी 1916 मध्ये झाला. परतीच्या वाटेवर मार्चमध्ये इंग्लिश खाडीत त्यांच्या जहाजावर पाणतीर सोडला गेला, त्यात ग्रानादोस आणि त्यांची पत्नी दोघंही गेली. कोन्सुएलोबाईंचा जन्म त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला. ज्यांच्या सुरांनी त्यांना हे गाणं सुचवलं, त्या माणसाची आणि त्यांची या जगात गाठच पडली नाही.

आणि आई, 1916 हे आपल्याकडे 'स्वयंवर'चंही साल. भास्करबुवा बखल्यांनी त्या नाटकाच्या पदांना चाली कुठून दिल्या, हे तूच मला शिकवलंस. पद म्हणायच्या आधी तू मूळ बंदिश गाऊन दाखवायचीस, आणि मग म्हणायचीस, "बघ, बुवांनी कुठे उचललं आणि कुठे सोडलं." तेव्हा तुझ्या आवाजात तक्रारीचा सूर कधीच नसायचा. नुसतं कौतुक असायचं.

'बेसामे मूचो' तर कुठे कुठे गेलं! दुसरं महायुद्ध चालू होतं, माणसं एकमेकांचा निरोप घेत होती, आणि अशा वेळी सनी स्कायलरने त्याला इंग्रजी शब्द दिले. जिमी डॉर्सीच्या वाद्यवृंदाची इंग्रजी तबकडी 1944 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. बीटल्सनी ते 1 जानेवारी 1962 ला लंडनच्या डेका कंपनीत आवाजाच्या चाचणीला गायलं. कंपनीने त्यांना नाकारलं, हे तर बाबांनाही माहीत असेल. पॉल मॅकार्टनी ते जवळजवळ नाचऱ्या लयीत, अंगावर आल्यासारखं गातो. वेस मॉन्टगोमेरी या जाझ गिटारवादकाने तेच 1963 मध्ये तीनच्या वजनात धरलं. तू ऐकशील तर दादऱ्याच्या अंगाने जाणाऱ्या त्या झोकावर हातावर ताल धरशील, अशी माझी खात्री आहे. केप व्हर्दीची सेझारिया एव्होरा स्टेजवर अनवाणी उभी राहून गायची. तिच्या जाड, थकलेल्या आवाजात हे गाणं ऐकलं की वाटतं, हिच्या बाबतीत ती भीती खरी होऊन बरीच वर्षं झालीत.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो ब्राझीलचा जोआओ जिल्बर्टो. 1977 च्या त्याच्या 'आमोरोसो' या तबकडीत ते आहे. तो बोलतो त्याहून मोठ्याने गातच नाही. मात्र शब्द किंचित मागे ठेवतो. गिटार पुढे गेलेली असते आणि हा अजून मागच्या मात्रेवर रेंगाळलेला, आणि तरी समेला न चुकता येतो. तू विलंबितात जे करतेस तेच ते. डोळे मिटून ऐक, भाषा आड येत नाही.

सगळीच रूपं मला आवडली असं नाही. काही ठिकाणी पन्नास व्हायोलिनं अशी अंगावर सोडलीत की गाणारा बिचारा त्यात बुडून जातो. काहींनी खाली नाचाचा ठोका लावलाय आणि गाण्यातली भीतीच काढून टाकलीय. ती भीती गेली की उरतं काय? नुसती सुरावट. त्यामुळे छोटीने तालाच्या यंत्राचा ठोका लावला म्हणून तू चिडलीस, ते मला पटतं. त्या ठोक्यावर तुझ्या गाण्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. मुखड्यानंतर तू जे थांबतेस, ते थांबणं यंत्राला येत नाही. तेवढं मी तिला स्पष्ट सांगितलंय.

पण गिटारचं तसं नाही. गेल्या रविवारी त्लाकेपाकेला गेलो होतो, इथलं जुनं कुंभारांचं गाव, आता शहरातच मिसळलंय. तिथल्या चौकात तीन म्हातारे टेबलाटेबलाशी जाऊन गाणी म्हणतात. मधल्याकडे रेकिन्तो होता, म्हणजे छोटी, वरच्या पट्टीतली गिटार. उजव्या हाताची नखं मुद्दाम वाढवलेली, अंगठ्याचं तर पिवळं पडलेलं. मी हेच गाणं मागितलं. त्याने सुरुवातीला चाल वाजवलीच नाही. नुसत्या वरच्या तारांवर चार-पाच स्वर असे टाकले की मला तुझी पेटीवरची सुरुवात आठवली, गाण्याआधी तू त्या रागाचं दार किलकिलं करतेस ती. मग तिघं एकदम गायला लागले, तीन पट्ट्यांत, एकमेकांकडे न बघता. शेजारच्या टेबलावरची एक तरुण मुलगी मोबाइल खाली ठेवून सोबत गुणगुणू लागली. तिला सगळे शब्द पाठ होते. गाणं तिच्या आजीच्या काळातलं. तिच्यापर्यंत ते पोचलं कारण मधल्या प्रत्येकाने ते आपल्या हाताने, आपल्या वाद्यावर वाजवलं. कुणी कपाटात जपून ठेवलं असतं तर पोचलं नसतं.

छोटीला तू अडवलंस तेव्हा मला कुमार गंधर्व आठवले. त्यांचं 'मला उमजलेले बालगंधर्व' तू किती वेळा लावायचीस! बालगंधर्वांच्या पदांना हात लावला म्हणून तेव्हाही लोक कुरकुरले असतीलच. पण तुझं म्हणणं असायचं की नक्कल केली असती तर कुमारजींनी गंधर्वांना कमी केलं असतं, आपल्या गळ्यातून काढलं म्हणून मान दिला. नौपाड्यातल्या आपल्या जुन्या घरात, रविवारी दुपारी, पंखा बंद करून तू हे सांगितलेलं मला लख्ख आठवतंय. मग हाच न्याय तुझ्या लेकीला का नको?

ठाण्यात तरी हे कुणाला समजावून सांगायला लागू नये. जनकवी पी. सावळाराम या शहराचे नगराध्यक्ष होते. त्यांची गाणी आपण लताबाईंच्या आवाजात ऐकली, तशीच राम मारुती रोडवरून जाणाऱ्या वरातीत क्लॅरिनेटवरही ऐकली, आणि बाबांच्या मावशीने मुलीच्या पाठवणीला बेसूर म्हटली तेव्हा सगळा मांडव रडला. त्या गाण्यांचं काही बिघडलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. ठोका काढून टाका. तबला नको असेल तर नुसती गिटार राहू दे. मुखडा छोटीने तिच्या पद्धतीने म्हणावा, पण शब्दांची फेक तुझ्याकडून घोटून घ्यावी. 'च' आणि 'ज' ती अजूनही इंग्रजी शाळेतल्यासारखे काढते, त्यात तडजोड नको. दुसरा अंतरा तू म्हण. दोघींनी एकाच कार्यक्रमात, एकाच गाण्यात. आणि तू गाशील तेव्हा गिटारने मध्येमध्ये करायचं नाही, फक्त षड्ज-पंचम धरून ठेवायचा, असं मी तिला बजावलंय.

पट्टीवरून तुमचं पुन्हा वाजू नये म्हणून तेही सोडवून ठेवतो. तुझी काळी चार सोडू नकोस. छोटीने गिटारला चौथ्या घरात कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून ई मायनर धरावा, तिला बोटं बदलायला लागणार नाहीत आणि सूर तुझ्या पेटीला मिळेल. कॅपो तिच्याकडे नसेल तर स्टेशनजवळ वाद्यांच्या कुठल्याही दुकानात मिळतो. लावल्यावर सगळ्या तारा पेटीवर एकदा तपासून घे, कॅपो घट्ट बसला की सूर थोडा चढतो.

इथे बाकी ठीक. थंडी नाही, पाऊस आता उतरणीला लागलाय. ज्वारीचं पीठ मिळत नाही, मक्याच्या भाकरीवर भागतंय. गोडा मसाला संपत आलाय, कुणी येणार असेल तर पाठव. बाबांच्या गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर, ते पुढच्या वेळी नीट लिही, "बरं आहे" एवढंच नको.

जोआओ जिल्बर्टो आणि सेझारियाबाई, दोन्ही मोबाइलवर पाठवतोय. आधी जिल्बर्टो ऐक. ऐकून झालं की छोटीला हाक मार आणि तिलाही ऐकव.

तुझा,
बाळू