एका प्रश्नाजवळ पुष्कळ दिवस

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, नोकरीचे तास संपल्यावर इथे मी काय वाचते, काय पाहते आणि स्वतःच्या हातांनी काही करते की नाही, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. फोनवर अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत. बोलणे प्रकृती आणि कामकाज यांच्यापुढे सरकतच नाही. म्हणून हे पत्र सवडीने लिहिते आहे. माझी प्रकृती उत्तम आहे, काम व्यवस्थित चालले आहे, आणि त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

माझ्या टेबलावर एक बिनरेघांची वही असते. दिवसभरात एखाद्या साध्या गोष्टीविषयी प्रश्न पडला की तो मी तारीख घालून तीत लिहिते आणि जमल्यास शेजारी एक लहानसे चित्र काढते. या वहीचा नियम एकच आहे: प्रश्न लिहिल्यानंतर काही दिवस त्याचे उत्तर कुठेही शोधायचे नाही. हल्ली उत्तर हाताशीच असते, आणि ते चटकन मिळाले की आपण त्या वस्तूकडे पाहणेच सोडून देतो, असे माझे मत झाले आहे. मधल्या दिवसांत आपण तर्क करतो, ती गोष्ट पुन्हा पाहतो, थोडी बदलून पाहतो. त्यामुळे पुढे खरे उत्तर वाचायला मिळते तेव्हा ते आपल्या मनात तयार झालेल्या जागी जाऊन बसते.

उदाहरण म्हणून वहीतला एक प्रश्न सांगते. कॉफीचा सांडलेला थेंब वाळला की त्याचा डाग सगळीकडे सारखा का उमटत नाही, कडेला गडद आणि मध्ये फिकट का राहतो? मी काचेवर पातळ जलरंगाचे थेंब ठेवले, काही उघड्यावर वाळू दिले, काही झाकून सावकाश वाळवले, आणि भिंगातून त्यांच्याकडे पाहत बसले. रंगाचे कण कडेकडे जात आहेत एवढे दिसले, पण का जातात ते कळेना. या प्रश्नाचे उत्तर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दिले होते. थेंबाची कड पृष्ठभागाला घट्ट धरून राहते, त्यामुळे थेंब आक्रसताना ती आत सरकू शकत नाही. कडेपाशी पाणी अधिक वेगाने उडून जाते, ती तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी सारखे बाहेरच्या दिशेने वाहत राहते आणि जाताना सगळे कण बरोबर घेऊन जाते. पुढे 2011 मध्ये असेही दाखवले गेले की गोल कणांऐवजी लांबट कण वापरले तर ते थेंबाच्या पृष्ठभागावर एकमेकांत अडकतात आणि डाग बराचसा एकसारखा पडतो. छपाईची शाई किंवा रंगाचा थर सारखा बसावा यासाठी धडपडणाऱ्या लोकांना हे ज्ञान फार उपयोगाचे आहे. मला मात्र अधिक नवल याचे वाटले की इतक्या पिढ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या डागाची नीट चौकशी विसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. याचा अर्थ, आपल्या रोजच्या टेबलावर अजूनही कुणी न विचारलेले काहीतरी पडलेले असणार.

आई, यापुढची हकीकत खास तुझ्यासाठी आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात आग्नेस पॉकल्स नावाची एक मुलगी राहत होती. तिचा जन्म 1862 चा. तिला पदार्थविज्ञानाची फार ओढ होती. परंतु तिच्या तरुणपणी तिथे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता आणि घरात आईवडिलांच्या आजारपणाची जबाबदारी तिच्यावर होती. भांडी घासताना पाण्यावर पसरणारा तेलकटपणा आणि साबण यांच्याकडे ती बारकाईने पाहू लागली. पत्र्याचे एक उथळ भांडे, त्यावर सरकणारी पत्र्याची पट्टी आणि एक साधा तराजू एवढ्यावर तिने पाण्याच्या पृष्ठताणाचे, म्हणजे पृष्ठभाग आक्रसून धरणाऱ्या ताणाचे, मोजमाप सुरू केले. पट्टी सरकवून पाण्याचा पृष्ठभाग लहानमोठा करायचा आणि त्यावरच्या तेलकट थराने त्याचा ताण किती बदलतो ते मोजायचे, अशी ती रीत होती. तिचा धाकटा भाऊ गटिंगेनला पदार्थविज्ञान शिकत होता. पुस्तके तिला त्याच्याकडून मिळत. याच विषयावर लॉर्ड रॅले या इंग्लिश शास्त्रज्ञांचेही काम चालू असल्याचे तिच्या वाचनात आले, तेव्हा जानेवारी 1891 मध्ये तिने त्यांना एक लांबलचक पत्र लिहून आपली सगळी निरीक्षणे कळवली. रॅले यांनी ते पत्र बाजूला सारले नाही. त्यांच्या पत्नीने जर्मनमधून त्याचा अनुवाद केला आणि रॅले यांनी ते स्वतःच्या शिफारशीसह ‘नेचर’कडे धाडले, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ते छापून आले. तिने बनवलेल्या त्या भांड्याची सुधारलेली रूपे आजही प्रयोगशाळांत वापरली जातात. ब्राउनश्वाइगच्याच तंत्रविद्यापीठाने तिला सन्मान्य डॉक्टरेट दिली ती 1932 मध्ये, म्हणजे तिच्या वयाच्या सत्तराव्या वर्षी. मला या स्त्रीविषयी किती आदर वाटतो ते शब्दांत सांगणे कठीण आहे. तिला वेळ मिळाला नव्हता, जागा मिळाली नव्हती, साधने मिळाली नव्हती. जे काम अंगावर पडले होते, त्याच्याच पोटातून तिने आपला विषय बाहेर काढला आणि तो वर्षानुवर्षे सोडला नाही.

आता पुस्तकांविषयी लिहिते. ज्यांच्याकडे मी पुन्हा पुन्हा जाते त्यांपैकी एक म्हणजे मायकेल फॅरडे यांची मेणबत्तीवरची व्याख्याने. 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी मुलांसमोर एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली आणि पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. फॅरडे यांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारी करताना बांधणीला आलेली पुस्तके वाचून ते शिकले, आणि म्हणूनच की काय, श्रोत्याला काय ठाऊक नसेल याची त्यांना फार चांगली जाण आहे. मेणबत्ती विझवल्यावर वर जाणाऱ्या पांढुरक्या धुराला वरच्या वर काडी लावली तर ज्योत त्या धुरावरून खाली उतरून वात पुन्हा पेटवते. याचा अर्थ जळते ते मेणाची वाफ आहे, हे ते आधी दाखवतात आणि मग सांगतात. प्रखर उजेडात ज्योतीची सावली पाडली तर ज्योतीचा जो भाग सर्वांत तेजस्वी, त्याचीच सावली सर्वांत गडद पडते. तिथे काजळीचे तापलेले कण असतात; तेच प्रकाश देतात आणि तेच बाहेरचा प्रकाश अडवतात. हा प्रयोग मी खिडकीतून येणाऱ्या उन्हात करून पाहिला आणि सावलीतला तो काळा भाग भिंतीवर दिसला तेव्हा मला अतिशय आनंद झाला. हे पुस्तक मी एका संध्याकाळी एकच व्याख्यान या बेताने वाचते.

दुसरे पुस्तक चार्ल्स डार्विन यांचे, गांडुळांवरचे. ते 1881 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाले. जमिनीचा वरचा थर गांडुळांमुळे तयार होतो, हे त्यांनी 1837 मध्येच मांडले होते. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ तो विषय त्यांच्या मनात जागा होता. 1842 मध्ये त्यांनी घराजवळच्या एका शेताच्या काही भागावर खडूचे तुकडे पसरवून ठेवले आणि 29 वर्षांनी तिथे चर खणून पाहिला, तेव्हा खडूची पांढरी रेघ सुमारे 7 इंच खाली गेलेली आढळली. अभ्यासिकेत कुंड्यांमध्ये गांडुळे ठेवून त्यांनी त्यांना बासून हे फुंकून वाजवायचे वाद्य आणि पियानो ऐकवला. आवाजाची त्यांना काहीच दखल नव्हती, पण तीच कुंडी पियानोवर ठेवून स्वर वाजवला की कंपने जाणवून ती तत्काळ बिळात जात. जगभर कीर्ती झालेला माणूस आयुष्याच्या अखेरीस गांडुळाला ऐकू येते का, हे इतक्या गंभीरपणे तपासतो, याने माझे मन भरून येते.

आपल्या भाषेतले यांच्या पंक्तीला बसणारे पुस्तक म्हणजे दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’. 1956 साली निघालेल्या या पुस्तकात एकेका महिन्याचे आकाश, झाडे, फुले आणि पाखरे यांच्याविषयी बाईंनी लिहिले आहे, आणि डोळ्यांना दिसलेले तसेच जुन्या साहित्यातले तपशील एकाच वाक्यात इतक्या सहजतेने आणले आहेत की कुठे सांधा दिसत नाही. बाबा, घरातली जुनी प्रत अजून असेल तर ती जपून ठेवावी. त्या पुस्तकामुळेच मी एक सवय लावून घेतली: खिडकीसमोरच्या एकाच झाडाचे चित्र दर आठवड्याला काढायचे आणि त्याखाली चार-पाच ओळी लिहायच्या. चित्र चांगले यावे असा आग्रह नसतो. पेन्सिलीने फांदी उतरवताना ती खोडातून कुठल्या कोनात निघते हे ठरवावेच लागते, आणि तेवढ्यासाठी नीट पाहावे लागते. माझ्या दृष्टीने चित्राचा उपयोग तेवढाच. खोडाखोड झाली तरी पान फाडत नाही. रवींद्रनाथांनी ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडून त्यांतून आकृत्या काढल्या, आणि पुढे साठी उलटल्यावर ते मोठे चित्रकार झाले, हे मला अशा वेळी आठवते.

चित्रपट मी कमी पाहते, पण आवडलेला चित्रपट पुन्हा पाहते. पहिल्या वेळी कथा आपल्याला धरून ठेवते. दुसऱ्या वेळी मी एकच गोष्ट ठरवून पाहते, कधी केवळ प्रकाश, कधी केवळ आवाज. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (1955) असा आवाजाकडे लक्ष देऊन पाहिला तेव्हा मुलीच्या मृत्यूची कल्पना नसलेला हरिहर घरी परततो तो प्रसंग मला नव्याने कळला. त्याची पत्नी सर्वजया हिचा आक्रोश आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्यावर पटदीप राग वाजतो, आणि मानवी आवाज काढून घेतल्यामुळे ते दुःख अधिकच असह्य होते. काशफुलांच्या, म्हणजे उंच गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या, शेतातल्या प्रसंगाची हकीकतही विलक्षण आहे. ऑक्टोबर 1952 मध्ये चित्रीकरण सुरू झाले ते तिथेच. पुढच्या रविवारी मंडळी परत आली, तेव्हा गुरांनी सगळी फुले खाऊन टाकली होती. दुसरे शेत किंवा दुसरी फुले न शोधता राय यांनी पुढच्या मोसमाची वाट पाहिली. पडद्यावर ती फुले पाहताना ही हकीकत ठाऊक असो वा नसो, त्या दृश्यात घाई कुठेही नाही हे जाणवतेच.

अब्बास किआरोस्तामी यांचा ‘मित्राचे घर कुठे आहे?’ (1987) हा इराणी चित्रपट तुम्ही दोघांनी अवश्य पाहावा. वर्गमित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली आणि ती परत दिली नाही तर त्याला शिक्षा होईल, एवढ्या कारणाने एक मुलगा शेजारच्या गावी धावत जातो. कथा इतकीच आहे. मोठी माणसे त्याचे म्हणणे ऐकून घेत नाहीत, टेकडीवरच्या नागमोडी वाटेने तो पुन्हा पुन्हा वर चढतो, आणि आपण श्वास रोखून पाहतो. लहान गोष्ट आणि मोठी गोष्ट यांतला फरक कोण ठरवते, हा प्रश्न तो चित्रपट पाहिल्यावर मी वहीत लिहिला आहे. त्याचे उत्तर शोधण्याची मला अजिबात घाई नाही.

दादासाहेब फाळके यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी प्रदर्शित झाला हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या आदल्या वर्षी, इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर, त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, ठरावीक काळाने त्याची एकेक चौकट टिपत राहिले आणि अंकुराच्या वाढीचा एक छोटा चित्रपट तयार केला. तो पाहूनच भांडवल देणाऱ्यांचा त्यांच्या विद्येवर विश्वास बसला. मला हा योग फार महत्त्वाचा वाटतो, कारण साधारण तीस वर्षे आधी डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस कॅमेऱ्यावाचून हेच करत होते: रोपासमोर काच ठेवायची, शेंड्याची जागा काचेवर ठिपक्याने नोंदवायची, थोड्या वेळाने पुन्हा नोंदवायची, आणि ठिपके जोडून रोप कसे हलते ते पाहायचे. या प्रयोगांवरचे त्यांचे पुस्तक 1880 चे आहे. डोळ्यांना न दिसणारी संथ हालचाल दिसावी म्हणून फाळके आणि डार्विन पितापुत्र यांनी धीराचा एकच मार्ग धरला होता.

दादाच्या लेकीला सुट्टी लागली की हा प्रयोग तिच्याकडून करून घ्यावा. रात्रभर भिजवलेले दोन वाटाणे कुंडीत अर्धा-पाऊण इंच खोल पेरायचे आणि कुंडी खिडकीशी ठेवायची. फोन ठेवायची जागा खडूने आखून घ्यायची, म्हणजे रोज तो त्याच ठिकाणी, त्याच उंचीवर राहील. सकाळी ठरलेल्या वेळी एकच छायाचित्र काढायचे. कुंडी मध्येच फिरवायची नाही, कारण रोप उजेडाकडे कसे वळते तेही तिला पाहता आले पाहिजे. पहिले काही दिवस केवळ मातीच दिसेल. तरी त्या दिवसांचीही छायाचित्रे काढायलाच हवीत, हे तिला प्रेमाने समजावून सांगावे. रोप वीतभर झाले की सगळी छायाचित्रे क्रमाने मला पाठवावीत, मी ती जोडून तिचा चित्रपट करून देईन. त्याला नाव मात्र तिनेच द्यायचे.

दादा-वहिनींना नमस्कार, छोटीला अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची,
धाकटी