वाफेची ट्राम रस्त्यावर टिकते ती कशावर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुंबईत ‘जुनी वाफेची ट्राम’ पर्यटकांसाठी पुन्हा सुरू करावी, अशी सूचना वर्तमानपत्रांतून अधूनमधून होत असते. मुंबईची ट्राम वाफेवर चालत नव्हती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. ९ मे १८७४ पासून ती घोडे ओढत होते, ७ मे १९०७ पासून ती विजेवर चालली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. वाफेचे इंजिन लावून पाहिले ते कलकत्त्याने, १८८२ मध्ये, आणि तो प्रयोग फार चालला नाही. रस्त्यावरून धावणारी वाफेची गाडी ज्यांना खरोखर पाहायची आणि जपायची आहे, त्यांनी दार्जिलिंगकडे लक्ष द्यावे. तिथली गाडी आज रेल्वे म्हणून ओळखली जाते, पण तिची घडण ट्रामची आहे आणि तिच्या निम्म्याहून अधिक दुखण्यांचे मूळही त्यातच आहे.

सिलिगुडीहून दार्जिलिंगला जाणारा हिल कार्ट रोड आधीच तयार होता. त्याच रस्त्याच्या कडेने दोन फुटी गेजचे (रुळांमधल्या अंतराचे) रूळ टाकून वाफेची ट्राम चालवावी, असा प्रस्ताव ईस्टर्न बेंगाल रेल्वेचे एजंट, म्हणजे प्रमुख अधिकारी, फ्रँकलिन प्रेस्टीज यांनी १८७८ मध्ये दिला. पुढच्या वर्षी काम सुरू झाले तेव्हा कंपनीचे नाव ‘दार्जिलिंग स्टीम ट्रामवे कंपनी’ असेच होते. मार्च १८८० मध्ये गाडी तिनधारियापर्यंत, ऑगस्टमध्ये कर्सियांगपर्यंत आणि जुलै १८८१ मध्ये दार्जिलिंगला पोहोचली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला नाव बदलून दार्जिलिंग हिमालयन रेल्वे झाले. नाव बदलले तरी रूळ रस्त्यातच राहिले. शंभराहून अधिक ठिकाणी ते रस्ता या बाजूने त्या बाजूला ओलांडतात. कर्सियांगच्या बाजारात तर दुकानाच्या पायरीवर उभे राहून हात पुढे केला तर डब्याला लागतो.

शहरी वाफेच्या ट्रामचे नियम इंग्लंडात कडक होते. चाके आणि दांडे रुळापासून चार इंचांपर्यंत झाकलेले हवेत, धूर आणि वाफ दिसता कामा नये, वेग ताशी १० मैलांच्या आत हवा. म्हणून ती इंजिने कोक जाळत आणि वापरलेली वाफ छपरावरच्या नळ्यांत थंड करून तिचे पाणी करत. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात १८९४ साली विंटरथूरला बांधलेले १२ क्रमांकाचे ट्राम-इंजिन ठरावीक दिवशी अजूनही शहराच्या मीटरगेज रुळांवरून, विजेच्या ट्रामगाड्यांच्या मधून चालवतात. दार्जिलिंगच्या इंजिनाला असे आच्छादन कधीच नव्हते, कारण त्याचे काम चढाचे होते.

आता मूळ मुद्दा. रस्त्यातल्या रुळाचा सर्वांत मोठा शत्रू डांबर आहे. चाकाची कड, म्हणजे फ्लँज, रुळाच्या माथ्यापासून साधारण इंचभर खाली, आतल्या बाजूने फिरते. तिच्यासाठी रुळालगत खाच मोकळी ठेवावी लागते. रस्ता ओलांडताना ती खाच टिकावी म्हणून आत दुसरा रूळ, चेकरेल, बसवतात. रस्त्याच्या नूतनीकरणात जुना थर न खरवडता त्यावर चाळीस-पन्नास मिलिमीटरचा नवा थर टाकला की खाच बुजते. मग फ्लँज डांबरावर चढते, चाक रुळावरून उचलले जाते आणि पुढच्याच वळणावर इंजिन रस्त्यावर उतरते. इंजिन हळू चालत असल्याने माणसे सहसा वाचतात, पण जॅक लावून, लाकडी ठोकळे देऊन ते पुन्हा रुळावर घेईपर्यंत वाहतूक तुंबते आणि दोष गाडीला दिला जातो. उपाय साधा आहे. आधी जुना थर खरवडावा, किंवा रस्ता उंच करायचाच असेल तर त्याच दिवसांत रूळ उचलून स्लीपरखाली खडी भरावी. रस्त्याचे खाते आणि रेल्वे यांनी ही कामे वेगवेगळ्या महिन्यांत करणे सर्वांत वाईट. मुंबईत हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी डांबराखाली ट्रामचे रूळ निघाले होते, ते अनेकांनी पाहिले असतील. बंद पडलेल्या गाडीचे रूळ असे गाडले जातात ते समजू शकते. धावत्या गाडीचे गाडले जाऊ नयेत.

खाच उघडी असली तरी ट्रकच्या चाकांतून उडालेली खडी तिच्यात अडकते. सुपारीएवढा दगडही इंजिनाच्या २६ इंची लहान चाकाला उचलायला पुरतो. म्हणून पहिल्या गाडीआधी गँगमनने वाकडी सळई घेऊन प्रत्येक ओलांडणीची खाच ओढून काढायची असते. पावसाळ्यात खाचेत चिखल दाबून बसतो, त्यातून पाणी स्लीपरखाली उतरते, गाडी गेली की स्लीपर वरखाली हलतो आणि गेज फाकते. दार्जिलिंगच्या वाटेवरच्या अ‍ॅगनी पॉइंटसारख्या जेमतेम साठ फूट त्रिज्येच्या वळणावर फाकलेले गेज फार महागात पडते. तेव्हा खाचेइतकीच शेजारच्या गटाराची सफाई महत्त्वाची.

गाड्या उभ्या करणाऱ्यांना एक हिशेब सांगावासा वाटतो. रुळांमधले अंतर दोन फूट, डब्याची रुंदी सातच्या आसपास. म्हणजे डबा प्रत्येक बाजूला रुळाच्या बाहेर अडीच फूट येतो, वळणावर त्याहून थोडा जास्त. ‘रुळावर तर लावली नाही’ असे म्हणून फूटभर सोडून लावलेली मोटार डब्याच्या वाटेतच असते.

इंजिनाबद्दल. तिथली ‘बी’ वर्गाची इंजिने १८८९ पासून शार्प, स्टुअर्ट कंपनीने बांधायला सुरुवात केली. पुढे नॉर्थ ब्रिटिश आणि अमेरिकेच्या बाल्डविननेही बांधली, तीन तर तिनधारियाच्या कारखान्यातच तयार झाली. एकूण ३४. चारच चाके, चारही ओढणारी, सिलिंडर ११ इंच व्यासाचे आणि १४ इंच स्ट्रोकचे, बॉयलरचा दाब चौरस इंचाला १४० पौंड, वजन पंधरा टनांच्या आसपास. या मापांवरून ओढ साधारण ७,७०० पौंड निघते. इंजिनाचे वजन ३३-३४ हजार पौंड धरले तर कोरड्या रुळाची पकड त्याच्या पाव, म्हणजे आठ हजारांच्या वर, आणि इंजिन आरामात ओढते. धुके पडले, वर मोटारींचे सांडलेले तेल आणि टायरचा चिखल मिसळला, की पकड सहाव्या हिश्श्यावर, साडेपाच हजारांवर येते. मग रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडणारी झडप, जितका उघडाल तितकी चाके जागच्या जागी फिरतात. रस्त्यावरचा रूळ रानातल्या रुळापेक्षा जास्त घसरतो तो यामुळेच.

म्हणून इंजिनाच्या पुढच्या बफर बीमवर, म्हणजे आडव्या तुळईवर, दोन माणसे बसतात आणि हाताने रुळावर वाळू टाकतात. पर्यटकांना ही गंमत वाटते. प्रत्यक्षात चढावरची गाडी त्यांच्या मुठीवर चालते. वाळू चाळलेली आणि भाजून कोरडी केलेली हवी, ओलसर वाळू गोळा होऊन रुळावरून घरंगळते. टाकायची ती चिमटीने, सलग, चाक घसरायच्या आधी. घसरून फिरणाऱ्या चाकाखाली एकदम मूठभर वाळू गेली की चाक झटक्याने पकड घेते आणि दांडे, पिना, अ‍ॅक्सल यांवर नको तो ताण येतो. जास्त झालेली वाळू मागच्या डब्यांच्या चाकांखाली दळली जाते, गाडी जड होते आणि खाचही भरते.

या इंजिनाची पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसवलेली असते. बॉयलरच्या उष्णतेने त्यातले पाणी तापते आणि जास्त तापलेले पाणी इंजेक्टर, म्हणजे वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन, उचलत नाही. ड्रायव्हर वाफ सोडतो, इंजेक्टर फुरफुरतो, पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर सांडते आणि बॉयलरमधले पाणी दाखवणाऱ्या काचेतली पातळी खाली जात राहते. वाटेत थांबून गार पाणी भरणे त्यामुळे टाळता येत नाही, टाकी अर्धी भरलेली असली तरी. त्यात घूम हे २,२५८ मीटरवरचे, मार्गातले सर्वांत उंच स्टेशन. तिथून दार्जिलिंगकडे उतार आहे. चढाचा उतार झाला की बॉयलरमधले पाणी पुढेमागे सरकते आणि काच खोटे बोलू लागते. सपाटीवर दिसणारी पातळी आणि उतारावरची पातळी यांत फरक धरूनच पाणी राखावे लागते. फायरबॉक्सचा, म्हणजे आगीच्या पेटीचा, माथा पाण्याबाहेर उघडा पडला तर त्यातला लेड प्लग (शिशाची गुडदी) वितळतो आणि त्यातून सुटणारी वाफ धोक्याची सूचना देते व आग दडपते, पण प्लग वितळण्याची वेळ येणे हीच मोठी चूक मानली जाते.

आग पेटवण्याची घाई हे इंजिन बिघडण्याचे आणखी एक कारण. थंड बॉयलरला लाकडे, तेलाचा बोळा, मग थोडाथोडा कोळसा, असे तीन-चार तास तरी द्यावेत. सीझनमध्ये फेऱ्या वाढल्या म्हणून दीड तासात वाफ काढली, की तांब्याची फायरबॉक्स आणि बाहेरचे पोलादी कवच वेगवेगळ्या वेगाने फुगतात, ट्यूबची (बॉयलरमधल्या नळ्यांची) तोंडे गळू लागतात, स्टे, म्हणजे फायरबॉक्स आणि कवच यांना जोडून धरणारे दांडे, तुटतात. स्टेच्या बाहेरच्या टोकाला बारीक छिद्र असते. आतून स्टे चिरला की त्या छिद्रातून वाफ सुसू करते. ते छिद्र खिळा मारून बुजवणे म्हणजे धोक्याची सूचनाच बंद करणे. हातोडीने ठोकून पाहिले तर सलग स्टे टणकन वाजतो, तुटलेला बद्द.

धुराची तक्रार बाजारातले लोक करतात, ती रास्त आहे आणि बरीचशी टाळता येते. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. मुठीएवढा फोडलेला कोळसा पातळ थरात, थोडा थोडा टाकायचा, टाकल्यावर आगीचे दार क्षणभर बोटभर उघडे ठेवून वरून हवा द्यायची आणि वस्तीत गाडी उभी असताना ब्लोअर, म्हणजे धुराड्यात ओढ देणारा वाफेचा झोत, मंद चालू ठेवायचा. कोळसा बाजारात शिरायच्या आधी टाकून घ्यायचा, दुकानांसमोर नव्हे. कोळशात राख जास्त असेल तर जाळीवर क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, धरतो, हवा कोंडते आणि कितीही कौशल्य असले तरी धूर होतो. म्हणून स्वस्त कोळसा घेण्यात बचत नाही.

ही सगळी कामे कागदावर शिकता येत नाहीत. २००० पासून तिथे डिझेल इंजिने आली, आज वाफेचे इंजिन मुख्यतः दार्जिलिंग–घूम पर्यटक फेरीला जोडले जाते. २०१० च्या दरडीनंतर तर सलग मार्ग डिसेंबर २०१५ पर्यंत बंदच होता. जिथे फेऱ्या कमी, तिथे फायरमनचा ड्रायव्हर होण्याचा काळ लांबतो आणि बॉयलर कारागीर निवृत्त झाला की त्याच्या हाताखाली कोणी तयार झालेले नसते. युनेस्कोने डिसेंबर १९९९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती चालत्या गाडीला. वर्षाला किमान दोन-तीन नवे हात स्टे, ट्यूब आणि बेअरिंगच्या कामावर तयार करणे, हा त्या मान्यतेचाच भाग समजून पैसे वेगळे काढले पाहिजेत.

महाराष्ट्राशी याचा थेट संबंध आहे. नेरळ–माथेरानची गाडीही दोन फुटीच. दार्जिलिंगचे ७९४ क्रमांकाचे ‘बी’ इंजिन नेरळला आणले गेले होते. माथेरानला वाफेची फेरी पुन्हा सुरू करण्याची मागणी करणाऱ्यांनी डिझेलवर धुराड्याचा देखावा बसवण्याची मागणी करू नये. मागणी करायचीच तर नेरळच्या शेडमध्ये वॉशआउटची (बॉयलर आतून धुण्याची) सोय, वाळू भाजण्याची भट्टी, पाण्याची तपासणी आणि दार्जिलिंगला सहा महिने शिकायला पाठवलेले चार फायरमन मागावेत. बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी त्यानंतरची गोष्ट आहे.

या सुट्टीत दार्जिलिंगला जाणाऱ्यांनी बाजारातून गाडी येताना सेल्फीसाठी रुळाजवळ थांबू नये. शिट्टी ऐकल्यावर रुळापासून किमान पाच फूट मागे सरकावे आणि लहान मुलांचा हात धरावा. लोखंडी चाक ओल्या लोखंडी रुळावर लगेच थांबत नाही, आणि वाळूवाल्यांचे त्या क्षणी दोन्ही हात वाळूच्या कामाला लागलेले असतात.

आपले,
नॅरोगेजवर काम केलेले काही निवृत्त कारागीर,
कुर्डुवाडी